देवघराची ओल आणि माझं मौन

आमच्या देवघराच्या भिंतीवर सगळ्यात आधी कोकण उमटलं. हे माझं म्हणणं नाही. आमच्या घरात भूगोल हा यांचा विषय. हायस्कुलात तोच शिकवतात. मी पहाटे निरांजन लावलं, तर डाव्या कोपऱ्यात जमिनीपासून वर चढलेला एक उभा ओलसर पट्टा दिसला. हे तोंडात ब्रश धरून मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सावंतवाडीपासून डहाणूपर्यंत. हुबेहूब!" आठवडाभरात ओल घाट चढून देशावर आली. श्रावण लागेपर्यंत मराठवाडा गेला. नारळी पौर्णिमेला हे शाळेतून आले ते चपला काढून थेट देवघरात, आणि तिथूनच ओरडले, "अगं, विदर्भ आला!" भिंत आपली, देव आपले, आणि आनंद कशाचा, तर नागपूर बरोबर गणपतीच्या मुकुटाशी आलं याचा.

घर दगडी आहे. दीड हात जाडीच्या, काळ्या दगडाच्या भरीव भिंती. आमचं गाव सातारा आणि सांगली यांच्या साधारण मध्यावर आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण नगरपालिकेत माझी अजून कामं आहेत. साल मात्र सांगते, एकोणीसशे चौऱ्याण्णव.

त्या वर्षी मी चातुर्मासात मौन धरलं होतं. सकाळी उठल्यापासून दुपारी बारा वाजता नैवेद्य दाखवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. हातवारे चालतात, लिहिणं चालत नाही. लिहिणं म्हणजे कागदावर बोलणंच, असं गुरुजींनी बजावलं होतं. तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय, तुम्ही तशाही कुठे बोलता? खरं आहे. माझा आवाज इतका बारीक की मी हाक मारून आजवर एकही रिक्षा थांबलेली नाही. पण हेच व्रत मी आधी दोनदा धरलं होतं आणि दोन्ही वेळा मोडलं होतं. पहिल्यांदा पिठाच्या डब्यातून उंदीर निघाला. दुसऱ्यांदा शरयूने, म्हणजे माझ्या सांगलीच्या धाकट्या बहिणीने, सकाळी नऊ वाजता फोन करून विचारलं, "ताई, तुझं मौन कसं चाललंय?" आणि मी म्हटलं, "छान!" तेव्हा यंदा काही झालं तरी कार्तिकी द्वादशीला उद्यापन करायचंच, मौनाच्या उद्यापनाला घंटा दान देतात ती द्यायचीच, असा माझा निश्चय होता. पितळेची घंटा मी आषाढातच आणून ठेवली होती.

ओलीवर सल्ले मात्र आधीपासूनच यायला लागले होते. दोन वर्षांपूर्वी शरयूचे यजमान आले, त्यांनी भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "साधं आहे. वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट. पाण्याची काय बिशाद!" सांगलीकरांना पुराचा अनुभव दांडगा, म्हणून आम्ही ऐकलं. मोतिया रंग दिला. वर्षभर भिंत नव्या नवरीसारखी चकाकली. मग रंगाला फुगे आले. शेजारचे आप्पासो एकदा पाहायला आले. लष्करातून सुभेदार होऊन परतलेले, उंचपुरे गृहस्थ. ओल म्हणजे त्यांच्या दृष्टीने घुसखोरी. "वैनी, शत्रूला आत ठाणं करू द्यायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी सगळ्यात मोठ्या फुग्यात काठीचं टोक खुपसलं. आतल्या पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्यांच्या मिशांवर. आप्पासो दोन पावलं मागे सरले. युद्धात ते कधी मागे सरले नव्हते असं त्यांच्या मंडळी सांगतात.

शेवटी मार्ग दाखवला तो आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मनुबाईने. "आमचा मामंजी चुन्याचा गवंडी हाय. हल्ली कुणी बोलवत न्हाई त्यास्नी. बघू द्या की येकडाव."

दसरा झाल्यावर तात्याबा आले. वय सत्तरीच्या पुढचं, डोक्याला पटका, खिशात भिंत सरळ आहे का पाहायचा ओळंबा. आल्यावर पाणीसुद्धा न घेता ते भिंतीजवळ बसले, तिचा वास घेतला, आणि मग त्यांनी चक्क भिंतीला जीभ लावली! हे मला म्हणाले, "वहीत लिहून ठेवतो, मृदा परीक्षणाची देशी पद्धत."

"मीठ हाय," तात्याबा म्हणाले. "पानी वरनं न्हाई, खालनं येतंय. मास्तर, ह्यो रस्ता पैल्यापास्नं येवढा उंच हुता?"

आम्ही तिघंही दारात गेलो. अकरा वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा तीन पायऱ्या चढून घरात जात होतो. आता एक पायरी उतरून जातो. प्रत्येक निवडणुकीला रस्त्यावर खडी-डांबराचा एक थर पडत गेला, आम्ही प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या, आणि त्या आनंदात पायऱ्या कधी पोटात गेल्या ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. पावसाचं सगळं पाणी भिंतीच्या पायाशी मुरत होतं.

"तुमी भिताडाला रेनकोट घातलासा आणि पाय पान्यात ठिवलासा," तात्याबा म्हणाले. "पानी वर चढनार, भाईर पडाय वाट न्हाई, मग त्ये देवाकडंच जानार. शिमिट काढा. चुना लावा. चुन्यातनं भिताड दम घेतंय. आणि भाईर पायाशी दीड फूट चर खांदा, म्हंजी पाय कोरडं."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दोन वर्षं जो तो भिंतीला काहीतरी लावा म्हणत होता. काढा म्हणणारा हा पहिलाच माणूस. दुपारची वेळ होती, बोलायची मुभा होती, मी त्यांना तिथल्या तिथे काम देऊन टाकलं.

चुना भिजला. त्यात घालायला गूळ आला, हिरडा आला, बेलफळाचा गर आला. "अंडीबी घालत्यात," तात्याबा दबकत म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनीच घाईघाईने दुरुस्ती केली, "पर देवघराला उडीद चालतोय." मग दोन शेर उडीद भिजत घातले. यांनी शाळेतून येऊन ते पाहिले आणि दहीवड्यांच्या आशेने रात्रीचं जेवण कमी घेतलं. सकाळी त्यांचे दहीवडे चुन्यात गेले. हे दिवसभर भिंतीकडे पाहायला तयार नव्हते.

कामाच्या पहिल्या दिवशी जे झालं, त्यात माझी चूक किती आणि तात्याबांची किती याचा निवाडा अजून लागलेला नाही. सकाळी आठला छिन्नी-हातोडा घेऊन ते हजर. हे शाळेत. मी मौनात. तात्याबांनी सिमेंटचा गिलावा काढायला सुरुवात केली. खपल्या भराभर पडायला लागल्या. देवघराची ओल होती तेवढी जागा संपली आणि छिन्नी तशीच पुढे स्वयंपाकघराच्या भिंतीकडे सरकली. तिथे ओलीचा थेंब नव्हता! मी धावत पुढे गेले आणि पंजा उभारला. थांबा.

तात्याबांनी पंजाकडे पाहिलं. "पाच हात? बरं."

मी जोरजोरात मान हलवली आणि दुसराही पंजा उभारला. अहो, थांबा!

"धा? मास्तर तर कोपऱ्यापातूरच म्हनलं हुतं. बरं, तुमी मालकीन हाय."

मी दोन्ही पंजे तीन वेळा हवेत नाचवले. तात्याबांनी हातोडा खाली ठेवला, बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, "तीस हात म्हंजी समदंच घर की वो आक्का!" त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना अख्खं घर दिलं होतं. मी हतबल होऊन हात जोडले. "नमस्कार कसला करतासा," ते गहिवरले, "कामच हाय आमचं!" आणि दुप्पट जोमाने भिडले. बारा वाजता मी नैवेद्य दाखवून तोंड उघडलं, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे घरी आले, चारी खोल्यांचे उघडे दगड पाहिले आणि हळूच म्हणाले, "दख्खनचं पठार."

असो. उघडं घर एकवेळ चुन्याने झाकता येतं. बाहेरच्या चराचं तसं नव्हतं. रस्त्याच्या कडेला फावडं लावायचं म्हणजे नगरपालिकेची परवानगी हवी. यांनी अर्ज लिहिला. भूगोलाच्या मास्तरांनी लिहिलेला अर्ज तो. त्यात आमच्या उंबरठ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, रस्त्याची उंची, अकरा वर्षांत त्यात पडलेला फरक दीड फूट, शिवाय पर्जन्यमान. पूर्वी घर रस्त्याहून उंच होते, आता सखल आहे, सबब चर खोदण्यास परवानगी मिळावी.

कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. "रस्ता वर आल्याची आमच्याकडे नोंद नाही."

"पण तो आलाय," हे म्हणाले. "तुम्ही येऊन बघा."

"मास्तर, आधी घर वर होतं, आता खाली आहे. रस्ता हललेला नाही. मग हललं कोण?"

"कोण?"

"घर. तुमचं घर खचलंय."

पाचव्या दिवशी दारावर नोटीस आली. सदर इमारत दीड फूट खचल्याचे मालकाने स्वतः लेखी कळवले असल्याने ती धोकादायक समजण्यात येत आहे. अभियंता पाहणी करून पंचनामा करतील आणि त्यानंतर सात दिवसांत इमारत रिकामी करावी. पाहणीची तारीख पंचांगात पाहिली. कार्तिक शुद्ध दशमी. वेळ सकाळी साडेदहा.

मी बोटांवर मोजलं. दशमी, एकादशी, द्वादशी! चार महिन्यांचं मौन पुरं व्हायला दोनच सकाळी उरलेल्या, आणि साहेब येणार ते नेमके माझ्या मुक्या वेळेत. "तू काळजी करू नकोस," हे म्हणाले. "मी रजा टाकतो. सगळं मीच बोलतो." आणि दशमीला सकाळी दहा वाजता, साहेबांना चुकून उशीर होऊ नये म्हणून, ते त्यांना आणायला नगरपालिकेत गेले. हे पुढच्या रस्त्याने गेले. साहेब मागच्या रस्त्याने आले.

साहेब तरुण होते, बूट नवे होते. बरोबर तोच कारकून, हातात पंचनाम्याचा कागद आणि दारावर चिकटवायला दुसरा एक मोठा कागद, खळीच्या डब्यासकट. गल्ली गोळा झाली. आप्पासो इस्त्रीचा शर्ट घालून आले. तात्याबा चुन्याने माखलेले. मनुबाई भांडी टाकून आली.

"घरमालक कुठे आहेत?"

मी नगरपालिकेच्या दिशेला बोट दाखवलं.

"बाई, घर खचलंय असं तुम्हाला वाटतं का?"

मी मान हलवली. नाही!

"म्हणजे वाटत नाही, का खचलेलं नाही?" आता याला मानेने काय उत्तर द्यायचं? साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा, समाधानकारक उत्तर नाही."

"सायेब, वैनी मौनात हायत," आप्पासो पुढे सरसावले. "मी सांगतो. ह्ये घर म्हंजी बंकर हाय बंकर! असं दाबून बसलंय जमिनीत, की बाँब पडला तरी हलायचं न्हाई."

"लिहा," साहेब म्हणाले, "जमिनीत दाबले गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले."

"आवं, तसं न्हवं! भिताड खणखणीत हाय," तात्याबा मध्ये पडले. "निस्तं पाय भिजल्यात तिचं."

"पाया भिजलेला," साहेबांनी सांगितलं, कारकुनाने लिहिलं. आत डोकावून त्यांनी चारी खोल्यांचे उघडे दगड पाहिले. "आणि गिलावा पूर्णपणे निखळलेला. अरे बापरे! सात दिवससुद्धा कशाला? दोन दिवस लिहा."

दोन दिवस! म्हणजे द्वादशीला, उद्यापनाच्या दिवशी, देव घेऊन मी रस्त्यावर! कारकुनाने खळीचा डबा उघडला. रस्ता वर आलाय. तीनच शब्द! ते उच्चारले की घर वाचतं, आणि गिळले की व्रत. मी देवघराकडे पाहिलं. देव चुन्याची धूळ बसू नये म्हणून पंच्याखाली झाकलेले. त्यांच्याकडून काही सूचना येण्याची शक्यता नव्हती.

तेवढ्यात मला दारातली भरलेली घागर दिसली. का ते सांगता यायचं नाही, पण मी ती उचलली, कमरेवर घेतली, पायरी चढून रस्त्यावर गेले आणि साहेबांच्या पुढ्यात, रस्त्याच्या अगदी मधोमध, ती उपडी केली.

साहेबांना वाटलं मी त्यांची दृष्ट काढतेय. ते जरासे मागे झाले. पाणी क्षणभर डांबरावर पसरून थांबलं, इकडे बघू का तिकडे जाऊ करत राहिलं. मग त्याची एक धार सुटली. धार साहेबांच्या नव्या बुटांना वळसा घालून निघाली, कारकुनाच्या चपलेखालून गेली, कडेला आली, पायरीवरून खाली उडी मारली आणि भिंतीच्या पायाशी जाऊन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दगडांत शिरली. उरलेलं पाणी उंबरठा ओलांडून आत! आणखी काय पुरावा हवा? घर जिथल्या तिथे, पायऱ्या डांबरात गाडलेल्या, आणि पाणी स्वतः सांगतंय की उंच कोण आणि सखल कोण!

आणि मी ओरडले.

"आत गेलं! बघा, बघा, आत गेलं!"

असा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. पलीकडच्या जांभळीवरचे कावळे उडाले. मी तोंडावर हात दाबला. पण काय उपयोग! अकराला पाच मिनिटं कमी, नैवेद्याला अजून तासभर, द्वादशीला दोन दिवस. चार महिने गेले पाण्यात. तेही एका घागरीच्या पाण्यात.

मी भीतभीत आजूबाजूला पाहिलं. गंमत अशी, की कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. आप्पासो आभाळात बघत होते. मनुबाई पदराने नाक पुसत होती. तात्याबा ओळंब्याची दोरी गुंडाळत होते. साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, नेहमीप्रमाणे कुणाला ऐकूच गेलं नाही. माझ्या बारीक आवाजाचे मी पहिल्यांदाच आभार मानले. आणि लगेच मनात आलं, देवाला तर ऐकू गेलंच असेल. त्याच्या कानात बोळे थोडेच आहेत.

साहेब आमच्या पायरीवर, कोरडी बाजू बघून बसले. बराच वेळ पेन्सिल चावत होते. मग कारकुनाला हलक्या आवाजात म्हणाले, "रस्ता वर आलाय असं लिहिलं, तर तो कुणी वर आणला असं विचारतील."

"विचारतील," कारकून म्हणाला.

"घर खचलंय असं लिहिलं, तर ही बाई वर जाऊन पुन्हा घागर ओतेल."

"ओतेल," कारकून म्हणाला.

शेवटी साहेबांनी सांगितलेलं वाक्य मी आजही पाठ म्हणून दाखवू शकते. 'रस्ता योग्य उंचीवर आढळला. घरही योग्य उंचीवर आढळले. दोहोंच्या मध्ये माती अतिरिक्त आढळली. ती मालकाने स्वखर्चाने दीड फूट खोलीपर्यंत काढून टाकावी.' चर! तात्याबांचा चर! परवानगी नव्हे, हुकूम मिळाला! गल्लीत एकच गलका झाला. आप्पासोंनी साहेबांना कडक सलाम ठोकला. धोक्याचा मोठा कागद खळीच्या डब्यासकट परत गेला. पाठोपाठ हे घामाघूम होऊन आले आणि म्हणाले, "साहेब ऑफिसात नाहीत. बहुतेक आज येत नाहीत."

मग पाच पंचांच्या सह्या झाल्या. आप्पासोंनी सही केली, तात्याबांनी आणि मनुबाईने अंगठे उठवले, आणखी दोघा शेजाऱ्यांनी सह्या केल्या. नक्कल आमच्या हातात दिली. ती यांनी मोठ्याने वाचली, आणि शेवटची ओळ ऐकून मी कागद त्यांच्या हातातून ओढला. 'पाहणी सुरू असताना घरमालकीण मौनव्रतात होत्या. पाहणी संपेपर्यंत त्यांनी एक अवाक्षरही काढले नाही. हे आम्ही पंचांसमक्ष लिहिले.'

त्या दिवशी बारा वाजता नैवेद्य दाखवून मी तो कागद देवापुढे ठेवला. "देवा, मी ओरडले," मी सांगितलं. "तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण पाच माणसांनी सरकारी कागदावर सह्या केल्यात. त्यांना ऐकूच आलं नाही, त्यांची काय चूक? त्यांना खोटं पाडणं बरं दिसेल का?" देव काही बोलले नाहीत. त्यांचं मौन माझ्यापेक्षा जुनं आहे. मी आपलं एकादशीला दिवसभर मौन धरलं, प्रायश्चित्त म्हणून, पाण्याचा घोटसुद्धा आवाज न करता घेतला.

द्वादशीला उद्यापन झालं. बाहेर चर खणून तयार होता, देवघराच्या भिंतीला तात्याबांच्या चुन्याचा पहिला हात बसला होता, आणि घरभर ओल्या चुन्याचा आणि गुळाचा वास होता. गुरुजींना घंटा दिली. त्यांनी ती वाजवून पाहिली आणि म्हणाले, "वा! अखंड चार महिने! हल्ली असं कोण करतं?" मी मान खाली घातली. मेहूण म्हणून आप्पासो आणि त्यांच्या मंडळी जेवायला होत्या. गुरुजी पहिल्या पाटावर, तात्याबा आणि मनुबाईही पंगतीला. पुरणपोळीवर तुपाची धार पडली, आप्पासोंची दुसरी पोळी झाली, तिसरी झाली, आणि माणूस पोटभर जेवला की जसा मनातलं बोलतो, तसे ते बोलून गेले.

"पर वैनी, त्या दिवशी केवढ्यांदा वरडलासा वो! मला आपलं वाटलं, आता मिशन फत्ते!"

त्यांच्या मंडळींनी त्यांना कोपराने ढोसलं. मनुबाईचा घास हातातच राहिला. तात्याबांनी पटका पुढे ओढून डोळे झाकले. हे आमटीच्या वाटीत असं काही बघायला लागले, की जणू तळाशी नकाशा आहे. म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि यांनाही कुणीतरी सांगितलं होतं! गल्लीतल्या एकूण एक माणसाने ऐकलं होतं, सह्या करणाऱ्या पाचही जणांनी, आणि बहुतेक साहेबांनीसुद्धा!

गुरुजींनी पानातून मान वर केली. "कोण ओरडलं?"

आप्पासोंचा चेहरा असा झाला, जसा शत्रूच्या हाती सापडलेल्या माणसाचा होत असेल. सगळे माझ्याकडे बघत होते. दुपारचा एक वाजून गेला होता, बोलायला आता काहीच बंधन नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. तव्यावरची गरम पुरणपोळी आणली, गुरुजींच्या पानात वाढली आणि वर तूप सोडलं. बरंच सोडलं.